दारात थांबा, नाव सांगा

अन्याय झाला तो खोली नंबर चौदामधल्या एका नव्वदीच्या बाईंवर. कधी? २०२०च्या जुलैत, मेलबर्नच्या दुसऱ्या लॉकडाऊनमधल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता. कुठे? शहराच्या उत्तरेकडच्या एका वृद्धाश्रमात. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एका पाटीवर दगड मारून हा प्रश्न सुटत नाही. कुणी केला? चौघींनी. त्या चौघींतली चौथी मी.

काय केलं तेही सांगते. निळे गाऊन, मास्क, त्यावर प्लास्टिकची ढाल, हातमोजे, अशा अवतारात आम्ही चौघी आत शिरलो. एकीने पांघरूण काढलं, दुसरीने गाऊनच्या नाड्या सोडल्या. आंघोळीची वेळ झाली होती आणि अजून सहा खोल्या बाकी होत्या. बाई किंचाळल्या, त्यांनी एकीला चापट मारली आणि नंतर भिंतीकडे तोंड करून एकसारखं काहीतरी बोलत राहिल्या. जपानी. संध्याकाळी फाइलमध्ये नोंद झाली : ‘काळजी घेऊ देत नाहीत. संवाद साधत नाहीत.’ मंगळवारपासून आंघोळीच्या अर्धा तास आधी एक गोळी सुरू झाली. शांत राहायची.

दहा मिनिटं जी बाई जिवाच्या आकांताने बोलत होती, ती म्हणे संवाद साधत नाही! ऐकणाऱ्याला कळलं नाही तर दोष बोलणाऱ्याचा, हा न्याय मला नवा नव्हता. त्याच वर्षी आम्हा तात्पुरत्या व्हिसावाल्यांना टीव्हीवरून सांगितलं जात होतं की आपापल्या घरी जा. मी त्यावर पत्रकं काढत होते. घोषणा लिहायला मला पुण्यापासूनच आवडायचं. फर्ग्युसन रस्त्यावर उभं राहून पत्रकं वाटण्यात माझी कॉलेजची तीन वर्षं गेली. पण त्या सोमवारी मी एक अक्षर बोलले नाही, मुकाट्याने टॉवेल धरून उभी राहिले.

हे सगळं मी तुम्हाला लिहितेय, पुण्यात राहिलेल्यांना, आणि माझ्यासारखे निघून ऑस्ट्रेलियाच्या उपनगरांत, गुंगालिनला, वेस्टमीडला, क्रेगीबर्नला येऊन पडलेल्यांनाही. कारण यात माझी आई आहे, आणि तिच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं.

मी निघाले २०१९च्या फेब्रुवारीत. मुंबई विमानतळाच्या काचेच्या दारापर्यंत आई-बाबा आले होते, पुढे फक्त तिकीटवाले. आजूबाजूला जो तो कुणाच्या ना कुणाच्या पाया पडत होता. मीही वाकले. उठून पाहते तो आई माझ्यासमोर ताठ उभी, आणि मग हात मांडीवर ठेवून, कमरेतून, सावकाश वाकली. माझ्यापुढे!

“आई, नाटकं नकोत हं इथे,” मी म्हटलं.

“नाटक नाही गं, निरोप आहे,” ती म्हणाली. “आणि ऐक. नवीन जागी गेलीस की आधी थांब, मग नाव सांग, मग काम सांग. तुझं उलटं असतं. तू आधी मागणी सांगतेस.”

मी हसले आणि ट्रॉली ढकलत आत गेले. आईने लग्नाआधी जपानीचे क्लास केले होते, एवढं मला ठाऊक होतं. पुण्यात ते काही विशेष नाही, गल्लीत एक तरी जण जपानी शिकलेला सापडतो. आमच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर तिच्या तीन वह्या होत्या, कापडी पिशवीत. “तेव्हा ते राहून गेलं” हे तिचं वाक्य. काय राहून गेलं, कशामुळे, हे मी विचारलं नाही. जगातल्या सगळ्या अन्यायांवर माझ्याकडे पत्रक होतं, कपाटाच्या वरच्या फळीवर मात्र कधी नजर गेली नाही.

इथे आल्यावर युनिव्हर्सिटी, म्हणजे युनि, क्रेगीबर्नमधलं चौघींचं भाड्याचं घर आणि वृद्धाश्रमातली नोकरी. साथ आली तेव्हा युनि लॅपटॉपमध्ये गेली आणि नोकरी तेवढी खरी उरली. रस्ते इतके रिकामे की ट्रेनने शिफ्टला जाताना डब्यात मी आणि एखादा सिक्युरिटी गार्ड.

खोली चौदामधल्या बाईंना सगळे ‘पेगी’ म्हणायचे. फाइलमध्ये मार्गरेट. सकाळची नर्स लॉर्ना मनिलाची, वीस वर्षं इथे काढलेली. तिने मला त्यांची गोष्ट सांगितली. युद्धानंतर जपानमध्ये नेमलेल्या एका ऑस्ट्रेलियन सैनिकाशी लग्न करून त्या बोटीने इथे आल्या. साठ-पासष्ट वर्षं इंग्रजीत संसार केला. मग स्मृती ढासळायला लागली आणि सगळ्यात आधी गेलं ते सगळ्यात शेवटी आलेलं, म्हणजे इंग्रजी. दर गुरुवारी एक जपानी स्वयंसेविका यायची. लॉकडाऊनने तिला बंदी. तिचा नंबर कुणी लिहून घेतला नव्हता. फोनवरचा दुभाषा होता, पण तो डॉक्टरांसाठी. आंघोळीसाठी दुभाषा कोण मागवतो?

बुधवारी घरी येऊन मी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि भडाभडा बोलले. “आई, जपानीत ‘हा छळ थांबवा’ कसं म्हणायचं? मला मोठ्या अक्षरात लिहून दे, मी दारावर लावते.”

आईने पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, “तू त्यांना तुझं नाव सांगितलंस का?”

“नाही.”

“किती महिने जातेस त्या खोलीत?”

“पाच.”

“आणि तोंड झाकलेलं असतं. म्हणजे रोज अकरा वाजता तोंड नसलेली, नाव नसलेली चार माणसं येऊन त्या बाईचे कपडे काढतात. मी असते तर चापटीवर थांबले नसते, रेवा.”

आणि मग ती स्टूल घेऊन चढली. पिशवी खाली आली, वह्या निघाल्या. पुढचा तासभर माझ्या आईने मला जपानीत स्वतःची ओळख करून द्यायला शिकवलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की ही बाई शिक्षिका आहे.

“बोलायच्या आधी उंबऱ्यात थांबायचं. त्यांनी आपल्याकडे बघेपर्यंत. मग म्हणायचं : हाजिमेमाश्ते. म्हणजे, आपण पहिल्यांदा भेटतोय. मग आडनाव, आणि पुढे देस्. आपलं साठे, म्हणून साते देस्. ‘ठ’ त्यांच्यात नाही, सोडून दे त्याला. मग कुठून आलीस ते : इंदो कारा किमाश्ता. भारतातून आले. मग शेवटचं वाक्य, ते सगळ्यात महत्त्वाचं.”

मी म्हणून दाखवलं.

“ओरडू नकोस. मोर्चात नाहीस तू.”

पुन्हा म्हटलं. जपानीत नावापुढे सान लावतात हे मी कुठेतरी वाचलं होतं, म्हणजे लॉर्ना-सान. म्हणून हुशारीने साते-सान देस् म्हटलं.

“स्वतःला कोणी ‘साठेबाई’ म्हणतं का? सान समोरच्याला लावायचं. मान द्यायचा असतो, घ्यायचा नसतो.”

शेवटचं वाक्य होतं योरोशिकु ओनेगाइशिमास्. अर्थ विचारल्यावर आई म्हणाली, “सरळ भाषांतर होत नाही त्याचं. आपण म्हणतो ना, नव्या घरी, नव्या ऑफिसात… ‘सांभाळून घ्या’. तसं.”

इथे माझ्यातली कार्यकर्ती उठून बसली. “मी का म्हणू सांभाळून घ्या? हे लाचारांचं वाक्य आहे. मुलीच्या पाठवणीला बाप हात जोडून म्हणतो ते!”

“बाप म्हणतो,” आई म्हणाली. “मुलीला कोण बोलू देतं? इथे जो तो स्वतःचं स्वतः म्हणतो. आणि ऐकणारा उत्तर देतो : कोचिरा कोसो. उलट मीच म्हणायला हवं, तुम्हीच मला सांभाळून घ्या. मालकसुद्धा नोकराला म्हणतो. आता सांग, लाचार कोण?”

समता या विषयावर मी शेकडो ओळी लिहिल्या असतील, पण दोघांनी एकाच वेळी एकमेकांपुढे वाकायचं, ही कल्पना त्यांपैकी एकीतही नव्हती.

शुक्रवारी मी लॉर्नाला गाठलं. ती गोळी ‘गरज लागली तरच’ अशी लिहिलेली होती. रोज देणं सोपं पडत होतं, एवढंच. पुढच्या शुक्रवारी डॉक्टर येणार आणि ती कायमची करणार होते. कायमची म्हणजे बाई दुपारपर्यंत गुंगीत, जेवण अर्धवट, पायांतलं उरलंसुरलं बळ जाणार. मग अंथरूण, आणि त्यानंतरचं सगळ्यांना माहीत होतं.

“ओके, मेट,” लॉर्ना म्हणाली. “उद्यापासून शुक्रवारपर्यंत गोळी मी रोखते. पण माझ्या मुलींपैकी कुणाला दोनदा मार बसला, तर तुझी भाषणं ऐकणार नाही.”

शनिवारी अकराला मी खोली चौदाच्या दारात थांबले. गाऊनवर छातीशी, आईने पाठवलेली माझ्या नावाची जपानी अक्षरं मार्करने काढलेली. मागे हरप्रीत, माझ्या शिफ्टमधली मैत्रीण, हातात टॉवेल. “जल्दी कर यार,” तिचं पुटपुटणं चालू. बाई खिडकीकडे बघत होत्या. मी थांबले. एक मिनिट हा किती मोठा वेळ असतो हे वृद्धाश्रमात काम केल्याशिवाय कळत नाही. शेवटी त्यांनी मान वळवली.

मी म्हटलं. हळू, सगळी चार वाक्यं. आणि वाकले. आता वाकण्याची सवय मला एकच. कमरेत थांबायचं विसरले आणि सरळ पायांपर्यंत गेले, पांघरुणावरून त्यांच्या पावलांना हात लावून मोकळी. बाईंनी झटकन पाय वर ओढून घेतले आणि हसल्या. लहान मुलीला कुणी गुदगुल्या केल्यासारखं.

मग त्यांनी पांघरूण बाजूला केलं. ज्यांना बसवायला आम्हाला दोघी लागायच्या, त्या बाई दोन्ही हात गादीवर टेकून स्वतः उठून बसल्या. चुरगळलेल्या गाऊनची कॉलर सारखी केली. केसांवरून हात फिरवला. पाठ सरळ झाली, इतकी सरळ की त्या उंच आहेत हे मला पाच महिन्यांत पहिल्यांदा दिसलं. हात मांडीवर आले. आणि आवाज बदलला. किंचाळणारा तो घोगरा आवाज कुठे गेला कळेना. खालच्या पट्टीतला, स्वच्छ, एखाद्या तरुण मुलीने मुलाखतीला जाऊन बोलावं तसा आवाज.

हाजिमेमाश्ते. मात्सुदा कियो तो मोशिमास्. कुरे कारा मायरिमाश्ता.

आणि त्या वाकल्या. कपाळ जवळजवळ गुडघ्यांपर्यंत. मग माझ्या शेवटच्या वाक्याचं उत्तर, आईने सांगितलं होतं तेच : कोचिरा कोसो.

हरप्रीतच्या हातातला टॉवेल खाली गेला होता. “ये पेगी है?” ती म्हणाली.

पेगी नव्हत्याच त्या. मात्सुदा कियो, कुरे गावच्या. ज्या फाइलमध्ये त्यांचा रक्तगट होता, दातांची कवळी होती, बद्धकोष्ठाची तारीखवार नोंद होती, त्या फाइलमध्ये त्यांचं नाव नव्हतं. लॉर्नाने पर्थला त्यांच्या मुलाला फोन केला. राज्याच्या सीमा बंद, तो महिनोन्‌महिने आला नव्हता. तो म्हणाला, “येस. कियो. डॅडना ते आवडायचं नाही. मग आम्ही विसरलोच.”

त्या दिवशी आंघोळ झाली. त्यांनी स्वतः बाही काढून दिली.

मी ट्रेनमधून आईला सांगितलं तेव्हा ती आधी मोशिमास् या शब्दावर थबकली. “मोशिमास् म्हणाल्या? अगं, ते देस्-पेक्षा नम्र. पुस्तकात होतं, धडा नववा. खरंच कुणी म्हणतं ते?” तिला शिकवणारे सर पुण्याचेच, कारखान्यातून निवृत्त झालेले. तीन वर्षं शिकून माझी आई एकाही जपानी माणसाशी कधी बोलली नव्हती.

आता माझी चूक सांगते. विजय झाला की पत्रक काढायचं, ही जुनी खोड. मी पान भरून मजकूर लिहिला : भाषेचा हक्क, मानवी प्रतिष्ठा, सहा मुद्दे, ठळक अक्षरं, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत ती चार वाक्यं. ते खोलीच्या दारावर चिकटवलं आणि खूश झाले. मंगळवारी आमच्या घरातली एक मुलगी पॉझिटिव्ह निघाली आणि मी चौदा दिवस क्रेगीबर्नच्या खोलीत बंद. बुधवारी बदली माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची एक नवी बाई आली, दारावरचं ते भरगच्च पान न वाचता थेट आत शिरली आणि कपाळावर प्लास्टिकचा कप खाऊन बाहेर आली.

लॉर्नाचा मेसेज : ‘एक झालं.’

मी आईला पान वाचून दाखवलं. ती म्हणाली, “हे तू कुणासाठी लिहिलंस? हातात बादली असलेली बाई एवढं वाचेल? चार ओळी ठेव. आणि पहिली ओळ ‘थांबा’ ही लिही.” माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्रक त्या दिवशी लिहिलं गेलं, आणि त्यातलं निम्मं खोडून आईने लिहिलं.

पण ते छापून दारावर लागायला शुक्रवार उजाडणार होता. मधला गुरुवार कोण सांभाळणार? मी लॉर्नाला विचारलं, माझी आई व्हिडिओवर आली तर टॅबलेट धरशील का. मेलबर्नचे अकरा म्हणजे पुण्याचे साडेसहा. मी तिसरी म्हणून कॉलवर होते, आवाज बंद करून. स्क्रीनवर आई आली. आंघोळ झालेली, इस्त्रीची साडी, केस घट्ट बांधलेले. तिच्यामागे आमच्या सहकारनगरच्या फ्लॅटची जेवणाची खोली, टेबलावरचा पसारा हलवलेला. तिचे ओठ थरथरत होते. मी नववीत असताना वक्तृत्व स्पर्धेला जायचे तेव्हा माझे थरथरायचे तसे.

दुसऱ्या चौकोनात कियो-सान. त्यांनी पाहिलं. आई थांबली. मग म्हणाली :

हाजिमेमाश्ते. निमकर हेमा देस्.

मला वाटलं, चुकून कुणाचा तरी दुसराच कॉल लागला. माझ्या आईचं नाव वैशाली साठे. कागदपत्रांवर, दारावरच्या पाटीवर, माझ्या पासपोर्टवर. निमकर माहेरचं, ठीक. पण हेमा? मग लख्ख कळलं. लग्नात तांदळाच्या ताटात नाव बदलतात ना, आपल्याकडे, हौसेने. अंगठीने कोरतात. सगळे टाळ्या वाजवतात. आई जपानी शिकली ती त्याआधी. ती वाक्यं तिने पाठ केली होती हेमा निमकर असताना, आणि ती भाषा पुढे वापरलीच गेली नाही, म्हणून त्या भाषेत तिचं नाव बदलायचं राहून गेलं होतं. तीस वर्षं ती कापडी पिशवीत तशीच होती, धडा पहिल्यापासून.

कियो-सान हसल्या. निमुकारु-सान, म्हणाल्या त्या. आणि वाकल्या. आई वाकली. दोन खंड, मधे समुद्र, विमानं बंद, सीमा बंद, आणि नवऱ्यांनी ठेवलेली नावं बाजूला सारून दोन बायका एकमेकींना सांगत होत्या : मला सांभाळून घ्या. नाही, उलट तुम्हीच मला. बंद आवाजाच्या आड मी हुंदके देत होते आणि लॉर्ना टॅबलेट सरळ धरायचा प्रयत्न करत होती.

कॉल संपला तेव्हा आईला आपण काय म्हटलं ते कळलं. “अगंबाई! तेच पाठ होतं गं.” मागून बाबा चहा घेऊन आले. दाराआडून सगळं ऐकलं होतं त्यांनी. कप पुढे ठेवत म्हणाले, “घ्या, निमकर.” आई हसत सुटली. मग बाबांनाच काय वाटलं कोण जाणे, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “जपानला सहा महिने पाठवणार होते ना तुला, ती कंपनी… मी तेव्हा विचारायला हवं होतं.”

“हो,” आई म्हणाली. एवढंच. इतक्या वर्षांत ‘राहून गेलं’च्या जागी तिने पहिल्यांदा ‘हो’ म्हटलं.

शुक्रवारी डॉक्टर आले. दारात थांबले, चार ओळी वाचल्या, आणि भयंकर उच्चारात स्वतःचं नाव सांगितलं. कियो-सान उठून बसल्या. गोळी खोडली गेली. फाइलमधलं ‘संवाद साधत नाहीत’ लॉर्नाने एका रेघेत काढलं आणि वर नाव लिहिलं, त्यांचं.

आता २०२१ संपत आलंय. कियो-सान आहेत. त्यांना मी लक्षात राहत नाही. म्हणून रोज अकराला मी दारात थांबते आणि ‘पहिल्यांदा भेटतोय’ म्हणते, आणि त्या रोज पहिल्यांदाच कॉलर सारखी करतात, पाठ ताठ करतात, वाकतात. मला त्याचा अजून एकदाही कंटाळा आलेला नाही. पूर्वी मी म्हणायचे, घर म्हणजे जिथे आपल्याला नाव सांगावं लागत नाही. पंचवीस वर्षं मी अशा घरात राहिले आणि तिथे एका माणसाचं नाव कुणाला माहीत नव्हतं. आता ज्या दारात कुणी थांबून माझं नाव ऐकतं आणि मी त्याचं, ते माझं घर. सध्या अशी दारं दोन आहेत : खोली चौदाचं, आणि रविवारी उघडणारा तो स्क्रीनवरचा चौकोन, ज्यात मी म्हणते, “हेमा निमकर आहेत का?”

तुम्ही पुण्यात असा की वेस्टमीडच्या कार पार्कमध्ये. माझी मागणी एकच आहे, आणि ती आजची आहे. आईला फोन लावा. ‘जेवलीस का’ विचारू नका. आधी थांबा. तिचं लक्ष तुमच्याकडे आहे याची खात्री करा. मग स्वतःचं नाव सांगा, पूर्ण, जणू पहिल्यांदाच भेटताय. ती हसेल, वेड लागलं का म्हणेल. हसू द्या. हसून झालं की तिला तिचं नाव विचारा, ताटातल्या तांदळांच्या आधीचं. आणि ती सांगेल तेव्हा बसून ऐकू नका. उठून उभे राहा.